कडू पाला आणि काचेची नळी

मित्रांनो, मी एका सरकारी आरोग्य केंद्रातला जुना फ्रीज आहे. फ्रीज म्हटलं की तुम्हांला आइस्क्रीम आठवतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या पोटात ते कधीच नव्हतं. सातारा जिल्ह्यात, रहिमतपूरच्या पुढे, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात मी उभा आहे. रंग उडालाय, एक पाय वाकडा झाला म्हणून खाली फरशीचा तुकडा सारलाय. तरी मी स्वतःला थोडा मोठाच समजतो.

माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले भाऊ दुकानांत गेले, लग्नाच्या रुखवतात ऐटीत उभे राहिले. मी इथं आलो आणि हिरमुसलो. सुरुवातीला माझी आबाळही झाली. कोणी माझ्यात दुधाची पिशवी ठेवी, कोणी जेवणाचा डबा. एकदा तर वाढदिवसाचा केक लसींना खेटून बसला होता. वीज गेली की माझा जीव कासावीस होई, कारण आतलं औषध तापलं तर ते निकामी होतं.

मग महेजबीन सिस्टर बदलून आल्या. त्यांनी आल्या आल्या डबे आणि पिशव्या बाहेर काढल्या. पुढे सरकारी योजनेतून छपरावर सौर पॅनल बसलं आणि वीज जाण्याची माझी धास्ती संपली. माझ्या मधल्या कप्प्यात सापाच्या विषावरचं औषध आलं. छोट्या छोट्या काचेच्या कुप्या होत्या. ते औषध कसं बनतं, हे डॉक्टरांनी एकदा शाळेच्या मुलांना सांगितलं. सापाचं विष काढतात, त्याचा अगदी थोडा अंश घोड्याला टोचतात. घोडा मरत नाही, त्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होतो आणि तोच काढून कुप्यांत भरतात. हे ऐकून मी अवाक झालो. साप, घोडा आणि माणूस यांची अशी गाठ कोणी घातली असेल? पण त्याहून मोठं नवल पुढेच होतं.

एका सकाळी साळूबाई आपल्या सुनेला, संयोगिताला, रिक्षातून घेऊन आल्या. उसाच्या सरीत वैरण कापताना तिला साप चावला होता. साप कोणता ते कोणी पाहिलं नव्हतं. पाय थोडा सुजला होता. नवरा वीरधवल फौजेत, दूर सीमेवर. घरी दोन वर्षांची लेक. आमच्या भागात साप चावला की आधी कडुलिंबाचा पाला चावायला देतात. पाला गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर काही नाही, असं मानतात. संयोगिताला पाला कडू लागला होता, म्हणून साळूबाई निर्धास्त होत्या.

"आवं सिस्टर, इख चढलेलं न्हाई तिला. धनुर्वाताची सुई टोचा, आमी जातो मारुतीच्या देवळात," त्या म्हणाल्या.

सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी संयोगिताचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी केली. वीस मिनिटं या नळीला कोणी हात लावायचा नाही, काही सापांचं विष रक्त गोठूच देत नाही, असं सांगितलं. रक्त गोठलं तर एक दिवस नजरेखाली ठेवून सुनेला घरी सोडू, नाही गोठलं तर मी म्हणेन तसं करायचं, असंही त्या म्हणाल्या. साळूबाईंनी मान डोलावली आणि त्या नळीसमोर बसून राहिल्या. मी समोरच्या भिंतीपाशी उभा राहून बघत होतो. डॉक्टर आले तेही घड्याळाकडे बघत उभे राहिले.

वेळ झाल्यावर सिस्टरांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

साळूबाईंचा चेहरा उतरला. "मग पाला कडू कसा लागला?" त्यांनी हळूच विचारलं.

"जिभेला विष कळत नाही, मावशी," सिस्टर म्हणाल्या आणि माझं दार उघडलं.

कप्प्यातल्या सगळ्या कुप्या त्या दिवशी संयोगिताच्या सलाईनमधून गेल्या. मला फार भीती वाटत होती, कारण मागे एकही उरली नव्हती. संध्याकाळी दुसरी नळी लावली. या खेपेला रक्त दह्यासारखं घट्ट बसलं. साळूबाई ती नळी दोन्ही हातांत धरून रडल्या. थोड्या वेळाने संयोगिताने लेकीला फोनवर हाक मारली, ती मी ऐकली.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गाडीतून नवी पेटी आली. कप्पा पुन्हा भरला. मला खरं नवल वाटलं ते तेव्हा. कुठल्या तरी दूरच्या कचेरीत काही माणसांनी कधीतरी बसून ठरवलं असेल की उसाच्या रानात कोणाला तरी साप चावेल, तिच्याकडे पैसे असोत नसोत, औषध तिच्या आधी गावात पोचलेलं पाहिजे. त्यांनी घोडे पाळणाऱ्यांना, शास्त्रज्ञांना, गाडीवाल्याला आणि मला एका कामाला जुंपलं. त्यांना संयोगिताचं नावही माहीत नव्हतं. कागदावरच्या धोरणात एवढी माया असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, साप चावला तर चव बघण्यात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि एक विनंती आहे. आपल्या आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, औषधाचा कप्पा भरलेला आहे ना, फ्रीज चालू आहे ना? विचारणारं कोणी नसलं की ठरवलेल्या चांगल्या गोष्टीही विसरल्या जातात. आत्ता माझ्या पोटात कुप्या गार होऊन बसल्या आहेत. त्या कोणासाठी आहेत, ते मला माहीत नाही. तो माणूस या घडीला कुठेतरी हसत जेवत असेल.