शटर वर गेलं तरी

लंडनजवळच्या पिनरच्या मराठी मंडळात दिवाळीला एकच नियम पक्का: स्वयंपाकघराचं शटर वर गेलं की हॉल रिकामा. स्टेजवर कोणी का असेना! गेल्या वर्षी अध्यक्षांचं भाषण शेवटी खुर्च्यांनीच ऐकलं.

आणि तनूला भाषणासाठी वेळ मिळाली होती ती नेमकी जेवणाआधीची.

शटरमागे वाढायचा डाव घेऊन तिचे बाबा, रघुवीर, उभे होते. तनूनं रीडिंग शहरातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडली आणि मार्था व्हिटकोम या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कादंबरीकार बाईचं चरित्र लिहायला घेतलं, तेव्हापासून ते धुमसत होते. "कोण कुठली बाई! कुत्रं तरी विचारतं का तिला?" शेवटी पैज लागली. शटर वर गेल्यावरही लोक बसून राहिले, तर बाबा नोकरीचं नाव काढणार नाहीत. उठले, तर तनूनं सोमवारी मुकाट्यानं जुन्या बॉसला फोन करायचा.

तनू घाबरतच माइकसमोर गेली. पण तोंड उघडलं आणि भीती कुठल्या कुठे पळाली.

"मार्था म्हाताऱ्या शिपायांना जेवायला बोलवायची. गोड बोलून त्यांच्या पोटातल्या लढाईच्या गोष्टी काढून घ्यायची. त्यातून तिनं कादंबरी लिहिली. आणि छापायला द्यायच्या आदल्या दिवशी घराला फायर! सगळा पुस्तक खाक!"

"सगळं," पहिल्या रांगेतून सुप्रभाआजी पुटपुटल्या.

"हो आजी, सगळं! शिपाईही एव्हाना वारलेले. भाऊ म्हणाला, बरं झालं, आता ब्रेड भाज. तेव्हा मार्थानं..."

खडखड करत शटर वर गेलं. मसालेभाताचा वास हॉलभर पसरला.

मागे खुर्ची सरकली. रेखामावशी उठल्या! संपलं सगळं, तनूला वाटलं. पण मावशी तरातरा पुढे आल्या आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. "मागे नीट ऐकू येत नाही गं."

बाकी कोणी हललंसुद्धा नाही.

"अगं, थांबलीस काय?" आवाज शटरमधून आला. बाबा डावासकट अर्धे बाहेर वाकले होते. "परत लिहिलं का तिनं?"

"सांगते की. पण बाबा, जेवण?"

"भात गेला खड्ड्यात! तू सांग."

आणि बाबांनी स्वतःच्या हातानं शटर खाली ओढलं, डाव तसाच हातात धरून बाहेर आले आणि रेखामावशींच्या शेजारी बसले.