खालचा सूर

बाबांना ग्रुपमध्ये आणायची कल्पना सुनीतीचीच. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय तिला उरली नाही.

सुनीती बेसिंगस्टोकच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होती. तिथल्या चौघांनी मिळून गाण्याचा ग्रुप काढला होता. वाद्य एकही नाही, नुसते चार गळे. पुढारी क्लाइव्ह. त्याच्या जमैकाहून आलेल्या काकांकडे जुन्या तबकड्यांचा ढीग होता. तीस-चाळीस सालातल्या, अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या चौकड्यांच्या. पुढे ज्याला जग डू-वॉप म्हणायला लागलं त्याचं मूळ इथे आहे, हे क्लाइव्ह ऐकणाऱ्यालाही सांगायचा आणि न ऐकणाऱ्यालाही. चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, रस्त्याच्या कोपऱ्यावर ही माणसं गायला उभी राहायची. वाद्यं परवडत नसत, म्हणून एक जण तोंडानेच ट्रम्पेट व्हायचा, दुसरा गिटार. आणि सगळ्यांच्या खाली एक जाड आवाज ‘डूम, डूम’ करत राहायचा. तो हलला की वरचे तिघे पडलेच म्हणून समजा.

ही सगळी विद्या ऑफिसच्या मागच्या जिन्यात, जेवणाच्या सुट्टीत शिकली जायची, कारण तिथे आवाज छान घुमायचा. मुख्य गाणं सुनीतीकडे होतं, मधले सूर क्लाइव्ह आणि लिंडाकडे. १९८९ च्या वसंतात खालचा सूर धरणाऱ्या ग्रॅहमला एडिनबऱ्याला नोकरी लागली आणि तो गेला. जूनमध्ये गावच्या फेस्टिव्हलमधल्या स्पर्धेत गायचं ठरलेलं. आता जाड आवाज कुठून आणायचा?

सुनीतीच्या घरी तसा आवाज रोज सकाळी ऐकू यायचा. तिचे बाबा, हरिदास साळवे, बुद्धवंदना म्हणायचे तेव्हा खिडकीची काच गुणगुणायची. लॉरीच्या कारखान्यातून ते रिटायर झाले होते. तरुणपणी नाशिकला एका आंबेडकरी जलशात ते झीलकरी होते. म्हणजे शाहीर पुढे उभा राहून गाणार आणि हे मागून ‘जी जी रं जी’ करत त्याची ओळ उचलणार. इंग्लंडात आल्यावर ते सुटलं. दोन वर्षांपूर्वी रंभाबाई, सुनीतीची आई, गेली आणि वंदना सोडली तर घरात त्यांचा आवाजच ऐकू येईनासा झाला.

सुनीतीने विचारलं तेव्हा बाबांनी आधी आढेवेढे घेतले आणि मग इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात हजर झाले. क्लाइव्हच्या तबकडीची टेप ऐकून म्हणाले, हे तर आमचं जी जीच आहे, फक्त इंग्रजी शिकलेलं. क्लाइव्ह खूश. बाबा त्याहून खूश. घरी येताना त्यांनी बसमध्ये, लोकांदेखत, डूम डूम केलं. सुनीतीला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

अडचण एकच होती, पण मुळावर घाव घालणारी. गाण्यात एक उंच ओळ होती. सुनीती त्या ओळीला पोचली की बाबा खालचा सूर सोडून सरळ तिच्या चालीवर यायचे. सगळा डोलारा कोसळायचा. क्लाइव्हने समजावलं, सुनीतीने समजावलं. बाबा मान डोलवायचे आणि पुन्हा वर यायचे. घरी सराव करायला म्हणून सुनीतीने स्वतःच्या आवाजातलं गाणं कॅसेटवर भरून दिलं. तरी तेच.

शेवटी क्लाइव्हने तिला बाजूला घेतलं. तुझे वडील मला फार आवडतात, म्हणाला, पण फेस्टिव्हल तोंडावर आलाय, अकाउंट्समधला पीटर तयार आहे. बाबांना काय ते तू सांग, तुझ्याकडून त्यांना कमी लागेल.

कमी लागेल हे खरं असेलही. पण सुनीतीचं धाडस काही झालं नाही. बाबा कांदा चिरत होते, टेपवर तिचंच गाणं लागलं होतं, आणि ती आपल्या विलायती मराठीत म्हणाली, “बाबा, प्रोग्रॅम कॅन्सल झाली. हॉलचा रूफ लीक होतो.”

बाबांचा हात थांबला. मग ते म्हणाले, “रद्द कशाला होतंय? पुढे ढकलला असेल. तोवर माझं पक्कं होईल.”

तिथेच खरं सांगायला हवं होतं. तिने प्लेटा मांडायला घेतल्या.

एक खोटं सांभाळायला दुसरी लागतात. फेस्टिव्हल जवळ आल्यामुळे आता रविवारी दुपारीही सराव व्हायचा आणि घरी ती ओव्हरटाइम सांगायची. बाबा तिला डबा भरून द्यायचे. पीटर आपला खुंटा ठोकल्यासारखा जागचा हलायचा नाही, क्लाइव्ह त्याची तारीफ करायचा, आणि सुनीती डब्यातली पोळी तशीच झाकून ठेवायची. संध्याकाळी दार उघडलं की आतून तिचाच आवाज यायचा, आणि त्याच्याखाली बाबांचा. आपण या माणसाला फसवतोय, हे तिला स्वतःच्याच गाण्याच्या सुरावर रोज ऐकावं लागायचं. एकदा तर कॅसेट हरवून टाकावी असंही तिच्या मनात आलं. त्या विचाराची तिला जास्तच शरम वाटली.

फेस्टिव्हल शनिवारी दुपारी झाला. हॉलचं छप्पर ठणठणीत होतं. चौघे उभे राहिले, पीटरने डूम डूम धरलं, सगळं ठरल्यासारखं चाललं. मग ती उंच ओळ आली. सुनीती वर गेली आणि मध्येच तिचा दम संपला. अर्धी ओळ हवेत राहिली. खाली पीटर मुकाट्याने डूम डूम करत होता, क्लाइव्ह आणि लिंडा आपापल्या सुरांवर होते. कुणाचंच चुकलं नव्हतं. तिने श्वास घेऊन पुढची ओळ धरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुसरा नंबरही आला. क्लाइव्ह म्हणाला, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

बक्षिसाची ढाल गाडीच्या डिकीत टाकून ती घरी आली. जूनचं ऊन अजून मागच्या अंगणात होतं. बाबा तिची वाटच बघत होते. बस, म्हणाले, आज तुला गंमत दाखवतो. कॅसेट नको, तूच गा.

तिला गायचं नव्हतं. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तिने गायला सुरुवात केली. बाबांनी खालचा सूर धरला. उंच ओळ आली. दुपारी जिथे सुटला तिथेच तिचा दम पुन्हा सुटला. बाबांनी टेबलाची कड घट्ट पकडली, डोळे मिटले, पण सूर सोडला नाही. गाणं संपेपर्यंत ते तसूभरही हलले नाहीत.

“राहिलो की नाही खाली?” ते म्हणाले. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर, किती दिवसांनी, हसू. “पण फार जड गेलं बघ. त्या ओळीला तुझा दम सुटतो, कॅसेटमध्येही सुटलाय. आमच्यात शाहिराचा दम सुटला की झीलकऱ्याने ओळ उचलायची, लोकांना कळूसुद्धा द्यायचं नाही. म्हणून मी वर यायचो. तुला एकटीला सोडून खाली कसं थांबायचं, हेच मला शिकावं लागलं.”

सुनीतीला रडू फुटलं. बाबा घाबरले, काय झालं विचारायला लागले. तिने सगळं सांगितलं. “प्रोग्रॅम झाली, बाबा. आज झाली. तुमच्या जागी पीटर होता. मी खोटं बोलले.”

टेबलाची कड बाबांनी अजून सोडली नव्हती. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“त्या ओळीला?” त्यांनी विचारलं.

“दम सुटला.”

“मग ओळ कुणी उचलली?”

“कुणीच नाही, बाबा.”