बारा नंबरचे टाके

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी पावसानं दडी मारली. शिरूर अनंतपाळच्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रकवर बसवायची पाण्याची टाकी तयार होत होती. संध्याकाळी ट्रक ती न्यायला येणार होता. वीज दुपारी बाराला जायची ती चारला यायची. अशा वेळी माझं डोकं ठिकाणावर नसतं. तसं ते एरवीही नसतं, असं माझी बायको जगदेवी म्हणते.

टाकीचे दोन अर्धे भाग आधी वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारून जोडायचे, चेनकप्पीनं उचलायचे, मग माझ्या मेहुण्यानं, मन्मथनं, खाली शिरून पाय बसवायचे आणि शेवटी सगळीकडून पक्का वेल्ड.

"दाजी, दहा नंबरच्या रॉडनं टाके मारा. जाड हाय, धरून ठिवंल," मन्मथ म्हणाला.

"पत्रा पातळ हाय. जाळून भोकं पाडू का? बारीक, बारा नंबरच पायजे. मला शिकवायलास का?"

रॉडची निवड माझी बरोबर होती, आजही तेच म्हणेन. दहा नंबरचे रॉड बाहेर फळीवर उन्हात पडलेले. बारा नंबरचा पुडा आतल्या खोलीत होता, पाण्याच्या पिंपाला टेकून. अंगणातून दोनदा पाणी चोरीला गेल्यावर मीच पिंप त्या खोलीत सरकवलं होतं आणि दाराला कुलूप घातलं होतं.

पहिल्याच टाक्याला रॉड तडतडला. टाक्यावर मोहरीएवढी भोकं दिसली.

"रॉड ओला हाय, दाजी."

"गावात प्यायला थेंब न्हाई आन् रॉड ओला? करंट बघ, करंट!"

टाके मारून झाले. टाकी कमरेइतकी उचलली. एरवी खाली लाकडी ओंडके ठेवतो. पण बारा वाजायला वीस मिनिटं होती, म्हणून राहू दिले. मन्मथ गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत सरकवून टाकीखाली आडवा झाला.

टक्.

एक टाका सुटला होता.

"निघ बाहेर! निघ!" मी ओरडलो.

"निघतो की. किती वरडता!" खालून आवाज आला. तो हसत होता. दहा वर्षं मी त्याच्यावर दिवसातून पन्नास वेळा ओरडत आलो होतो, एक्कावन्नावं ओरडणं त्याला वेगळं कसं वाटावं?

दुसरा टाका सुटला. तिसऱ्यावर बारीक चीर सरकताना दिसली. मी गुडघ्यावर बसलो, हात पुढं केला आणि हळूच म्हणालो, "मन्मथा, बाबा, ये इकडं."

त्यानं चमकून माझ्याकडं पाहिलं. मी त्याला असं कधीच बोलावलं नव्हतं. त्या आवाजालाच तो घाबरला आणि लोळत बाहेर आला. त्याची एक चप्पल खाली राहिली. टाकीचा खालचा अर्धा भाग तिच्यावर आदळला.

जगदेवी मागच्या घरातून धावत आली. माझं तोंड उघडलंच होतं, कुणावर तरी ओरडायला. तिनं खाली पडलेला रॉडचा पुडा उचलून माझ्या हातात दिला. पिंपाच्या पाझरानं त्याचा पुठ्ठा भिजून मऊ झाला होता. पिंप तिथं कुणी ठेवलं, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. मला लाज वाटली.

तिनं चुलीवरची भाकरी उतरवली आणि तव्यावर रॉड मांडले. आम्ही तिघंही ते वाळताना बघत बसलो.

चारला वीज आली. टाके मन्मथनं मारले, त्याच बारा नंबरनं, आणि रॉड एकदाही तडतडला नाही. टाकी उचलून ओंडके लावल्यावर तो खाली शिरायला वाकला, तसा मी त्याचा दंड धरला आणि स्वतः आडवा झालो.

"टक् वाजलं तर वरड," मी खालून म्हणालो.

"मी न्हाई वरडत, दाजी," मन्मथ म्हणाला आणि माझा पाय घट्ट धरून बसला.