दाराबाहेर ठेवलेली मिरची

बोलतेय ती मीच, मिरची. भडगावला मोहनबाईंच्या दाराबाहेर, पत्र्याखाली तेलाचा गंजका डबा दिसतोय ना? त्यात मान टाकून उभी आहे ती. माझी पानं बघून नाक मुरडू नका, मीही एके काळी देखणी होते.

वाळल्या मिरचीतलं बी मोहनबाईंनी स्वतः रुजवलं. त्याआधी दोनदा त्यांची रोपं माना मोडून गेली होती, म्हणून माझे लाड जरा जास्तच. शेणखत काय, ताक काय! पहिलं पांढरं फूल आलं तेव्हा त्यांनी सुनेला, जिनलला, हाक मारून दाखवलं. आषाढात मी अशी लगडले, की शेजारच्या कलाबाईंकडेही वाटी भरून मिरच्या गेल्या. ठेचा खाऊन कलाबाईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि मोहनबाई मिरवत राहिल्या, "आमच्या घरची आहे!" त्या 'घरची'वर मी विसंबले, हीच माझी चूक.

श्रावणात पानांमागं बारीक किडे बसले. पानं आखडली, फुलं गळाली. कलाबाईंनी बघताक्षणी सांगितलं, "अक्का, पानं मुरडाई ऱ्हायनात. तमाखूनं पानी मारा, नहीतं बठ्ठं झाड जाई."

मोहनबाईंनी कानाला हात लावला. "नको गं बाई. तेही जीवच आहेत. पजुसण तोंडावर आलंय, माझ्या हातून मारणं होणार नाही."

खरं सांगते, तेव्हा मला राग आला नाही. त्यांचा जैन धर्म मला ठाऊक होता; पजुसण म्हणजे पर्युषण, त्या दिवसांत तर मुंगीलाही धक्का लावायचा नाही. शेंड्याला चार मिरच्या उरल्या होत्या. त्या लाल होईतो जगायचं, म्हणजे पुढं माझं बी राहील, एवढ्या आशेवर मी तग धरला.

मग जिनलनं नर्सरीतून ढोबळी मिरचीची रोपं आणली. चकचकीत कुंड्या, गुबगुबीत पानं.

"मम्मी, हिचा रोग त्यांना लागेल. उपटून टाकू?"

"छे, उपटायचं नाही! जीव आहे त्यात. बाहेर ठेव गल्लीत."

वा रे दया! किड्यांना मारलं नाही, मलाही मारलं नाही. फक्त दाराबाहेर ठेवलं आणि विसरून गेल्या. पत्र्याखाली पाऊस पोचत नाही. माती दगड झाली, तीन मिरच्या हिरव्याच सुकून पडल्या. आत नव्या कुंड्यांना पाणी घातल्याचा आवाज रोज ऐकू येतो. जिनं हातानं रुजवलं, तिनं असं करावं? खुडून, वाटून संपवलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

आज पजुसण संपलं. मोहनबाई ठेवणीतली साडी नेसून रिवाजाप्रमाणे घरोघर क्षमा मागायला निघाल्या. कलाबाईंना हात जोडले. परत येताना त्यांचा पदर माझ्या फांदीला अडकला. सोडवता सोडवता त्या थबकल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्यापुढंही हात जोडले, म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

बाई, केली क्षमा. आता तांब्याभर पाणी तरी घाला. एक मिरची अजून लाल होतेय.