दाराशेजारचा खिळा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका दाराशेजारी खिळ्यावर टांगलेले आहात, आणि घरातली मुलगी तुमच्या भीतीने खिडकीतून ये-जा करते. तुम्हाला कसे वाटेल?

मी एक जुना चाबूक आहे. दूरच्या नारिन प्रांतातल्या डोंगरात एका म्हाताऱ्या कारागिराने लाल लाकडाची मूठ घडवली, कातड्याच्या पट्ट्यांची वेणी घातली आणि मला बनवले. मालकाच्या हाती देताना तो म्हणाला, "घोड्याला नुसता दाखव, पुरे. घरी दाराशेजारी टांग, म्हणजे वाईट काही आत येणार नाही."

मी मन लावून राखण करू लागलो आणि तिथेच माझा गोंधळ सुरू झाला. दूध उतू गेले, कोकरू चुकले, की मालक मला खिळ्यावरून काढी आणि आपल्याच मुलीवर, छोट्या बुरुलवर उगारी. वाईट बाहेरून येते, असे मला सांगितले होते. पण मालक तर रोज दारातूनच येई. मग मी कोणाला अडवायचे होते?

शेवटी शेजाऱ्यांनी त्याला गावाबाहेर घालवले. तो परतला नाही. मी मात्र तिथेच राहिलो. बुरुलची आई जाझगुल मला हात लावायलाही धजत नसे.

पुढे दर रविवारी शेजारची वडीलधारी तुरसुन आपा आणि चार माणसे घरी जमू लागली. ती नान मोडून वाटून खात आणि डोळे मिटून कोणाशी तरी बोलत. समोर तर कोणीच नसे! हेही मला समजेना.

एका रविवारी बुरुल खिडकीतून आत उतरली, तशी आपा हसली. "काय गं जाझगुल, मुलगी पाळलीस की मांजर?"

"दारात तो आहे," बुरुल माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी वाईट वागले की तो खाली उतरतो."

आपाचे हसू विरले. तिने बुरुलला जवळ बसवले. "येशूलासुद्धा चाबकाने मारलं होतं, लेकरा."

"का? काय केलं होतं त्यानं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही, तरी?"

"तरी."

बुरुल हळूच म्हणाली, "म्हणजे आपा, माझंही... काही चुकलं नव्हतं?"

"नव्हतं गं, बाळा. येशूला ठाऊक आहे ते. बोल त्याच्याशी."

बुरुलने डोळे मिटले. तिचे ओठ हलत राहिले, समोरचा चहा गार होऊन गेला. मला एक शब्दही ऐकू आला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याने ज्याला मारले, त्याच्यापाशीच ही मुलगी मन मोकळे का करत होती, ते मला अजून नीट उमगलेले नाही. पण तुम्हाला एक विनवतो. कोणी तुम्हाला मारत असेल, तर आपले काय चुकले ते शोधत बसू नका. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे, अशा मोठ्या माणसाला सांगा.

बुरुलने डोळे उघडले. स्टूल ओढून तिने मला खाली काढले.

"आई, हे टोक धर."

दोघींनी मिळून माझी वेणी सोडवली, एकेक पट्टी. मग बुरुलने रिकाम्या खिळ्यावर आपली टोपी टांगली आणि ती दारातून बाहेर खेळायला गेली.