वलगावचा टोपीवाला

दारात कुत्रं येऊन बसलं तरी वलगावचे खुशालराव आधी विचारायचे, "याले पाठवलं कोनं?" दूधवाल्याच्या मापावर संशय, मीटर वाचायला येणाऱ्या पोरावर संशय. आणि अमरावतीची वस्ती सरकत सरकत त्यांच्या वावराच्या धुऱ्याला येऊन टेकली, तेव्हापासून तर रस्त्यावर गाडी थांबवून लघवीला उतरलेल्या माणसावरसुद्धा संशय. जमीन पाहून राहिला लेकाचा, म्हणायचे. गावानं त्यांचं बोलणं मनावर घेणं कधीच सोडलं होतं.

अशा माणसाच्या घरी अकोल्याचा शेखर आला आणि म्हणाला, "काका, तुमच्या वडिलांचा फोटो पाहायचा होता." झालं! वावर नाही, घर नाही, थेट बाप! खुशालरावांनी त्याला ओसरीतच बसवलं आणि सुनेला डोळ्यांनी खुणावलं, चहा नको.

पण चूक त्या सुनेची, प्राजक्ताचीच होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना पत्रावळ वाढतात, तशी तिनं वाढली होती. पुरणपोळी, चिंचवणी, भजी, आणि पुढे आजेसासऱ्यांचा फोटो. त्या साऱ्याचा फोटो काढून तिनं मोबाईलवर टाकला, 'आमचे आजेसासरे नत्थुजी, मुक्या सिनेमातले कलाकार.' तो फिरत फिरत शेखरपर्यंत गेला. तो तिकडे कॉलेजात शिकवायचा आणि जुन्या सिनेमाच्या मागे वेडा होता.

फोटोही होताच तसा. एक उंचापुरा माणूस घोड्याचा लगाम धरून उभा. डोक्यावर रुंद काठाची टोपी, गळ्यात रुमाल, कमरेला पिस्तूल. नत्थुजी तंबूच्या सिनेमात होते हे गावाला ठाऊक होतं. सिनेमातला माणूस म्हटल्यावर सोंग तर घेणारच, पावडर तर लावणारच, त्यात नवल काय? खुशालराव आईच्या पोटात असतानाच पटकीच्या साथीत नत्थुजी गेले. दुसरा फोटो घरात नव्हता. आई, माणिकबाई, पोराला मांडीवर घेऊन बोट दाखवायची, "हा पाय, हा तुहा बाप." खुशालरावांनी बाप पाहिला तो एवढाच. त्या बापाला मिशी नाही म्हणून यांनीही जन्मभर ठेवली नाही. सोयऱ्यांत एकटेच सफाचट तोंडाचे. आल्यागेल्यानं भिंतीकडे पाहून म्हणावं, "नाक तं सही सही तुमचंच आहे जी," आणि खुशालरावांनी त्या दिवशी तरी कोणावर संशय घेऊ नये.

शेखर ओसरीच्या भिंतीवरच्या फोटोसमोर उभा राहिला. मग त्यानं मोबाईल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि संकोचत पुढे केला. तोच घोडा, तीच टोपी, तोच माणूस. खाली इंग्रजीत नाव.

"काका, राग मानू नका. हा अमेरिकेतला नट आहे. वेस टॉलिव्हर. आधी गुरं हाकायचा. मग घोड्यावरच्या मारामारीच्या सिनेमात शिरला आणि पार वर गेला. मुके सिनेमे होते तोवर त्याचं राज्य होतं. मग बोलपट आले, आणि याचा आवाज निघाला बारीक, चिरका. पडद्यावर तोंड उघडलं की लोक हसायचे. संपला बिचारा. शेवटी कुठल्याशा गावात घोड्यांचा चारा विकून पोट भरलं त्यानं. हे असे फोटो तेव्हा जाहिरातीसाठी वाटायचे."

"मंग तो माह्या घरी जेवून राहिला का इतकी वर्षं?" खुशालराव म्हणाले.

प्राजक्ताला हसू आवरेना, ती पदर तोंडाला लावून आत पळाली. खुशालराव मात्र हसले नाहीत. त्यांना सारा डाव स्वच्छ दिसला. आधी बाप खोडायचा, मग सातबारा. हा तुमचा बाप नव्हेच म्हणायचं, मग खरा बाप आमचा म्हणून कोणीतरी उभा करायचा!

शेखर पुढे म्हणाला, "नत्थुजी खरेच सिनेमात होते, काका. पण काय करायचे ते मी सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. अकोल्याला इंदूबाई आहेत, तंबूचे मालक देवीदासजींची मुलगी. नव्वदी उलटली त्यांची. नत्थुजी त्यांच्या घरचेच होते म्हणतात. तुम्ही या, भेटवतो."

घरचेच! सापडला चोर. म्हणजे बापाचं अकोल्याला दुसरं घर होतं तर.

"येतो," खुशालराव म्हणाले. "पन तुह्या गाडीत नाही. गाडीत घालून कुठं नेशीन, मले काय मालूम?"

शेखर गेला. खुशालरावांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि फोटोला नाक लावून पाहू लागले. प्राजक्ता खालून ओरडली, "मामाजी, पडसान ना!" त्यांचं लक्ष नव्हतं. डोळे फारच फिके वाटत होते. आणि नाक? छे, नाक तर मुळीच सारखं नव्हतं. जमीन गेली तर गेली, चार एकरांत काय ठेवलंय? पण हा चेहरा गेला तर बाप म्हणून आठवायचं तरी कोणाला? ऐंशीला टेकलेला तो माणूस स्टुलावर उभा राहून पोरक्या पोरासारखा घाबरला होता.

सुनेला घेऊन ते एसटीनं अकोल्याला निघाले. मूर्तिजापूर येईस्तोवर त्यांची सारी तयारी झाली होती. "तिथं चहा घेजो नको. कुठं सही करजो नको. म्हातारी रडाले लागली तं समज, नाटक आहे."

"मामाजी, नव्वद वर्षांची बाई तुमच्या वावरात काय पेरनार आहे?"

"तिचे नातू पेरतीन ना!"

जुन्या शहरात, एका बोळातल्या लहानशा घरात इंदूबाई पलंगावर बसल्या होत्या. वाळून गेलेल्या, डोळ्यांत पडदा आलेला, केस पांढरेशुभ्र. शेखरनं ओळख करून दिली. बाईंनी मान हलवली, हातानं चाचपत खुर्ची दाखवली. खुशालराव बसले नाहीत. भिंती पाहून घेतल्या. बापाचा फोटो कुठे दिसत नव्हता. लपवला असेल.

"नत्थू आमच्याचकडं जेवे," इंदूबाई म्हणाल्या. "माह्या मायच्या हातची भाकर लय आवडे त्याले."

आता खुशालरावांचा तोल गेला.

"कोन्या नात्यानं जेवे?" ते असे गरजले की बोळातली कोंबडी फडफडली. "आडवळन नको! माह्या बापाचं इथं दुसरं घर होतं का नाही, तेवढं एका शब्दात सांगा! अन् तो फोटोतला अमेरिकेचा असन, तं माहा बाप कुठाय?"

"अवो मामाजी, हळू..." प्राजक्तानं त्यांचा सदरा ओढला.

इंदूबाईंनी हात वर केला. "पुन्हा म्हन."

म्हातारीला ऐकू येत नसेल म्हणून खुशालरावांनी तेच आणखी चढ्या आवाजात म्हटलं. आणि बाई हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. खुशालरावांनी सुनेकडे पाहिलं: सांगितलं होतं ना, नाटक!

"अरे बाप्पा," इंदूबाई म्हणाल्या, "हा तं नत्थूच बोलून राहिला!"

कोणाला काही कळेना. बाईंनी पदरानं डोळे पुसले. "दुसरं घर-बिर काही नव्हतं रे. सारीकडं बोलपट आले होते, पन आमच्या बापाजवळ जुनंच यंत्र, मुकंच. चित्र हाले, तोंडं हालत, आवाज नाही. मंग नत्थू पडद्याच्या बाजूले उभा राहे आन् सगळ्यायचं तोच बोले. टोपीवाल्याचं, चोराचं, बाईचं, घोड्याचंसुद्धा! तो गोरा तिकडं नुसता ओठ हालवे आन् आवाज निघे वलगावचा. पातूरच्या बाजारात तं लोक म्हनत, हा टोपीवाला आपल्याच इकडचा आहे, चांगली वऱ्हाडी बोलते. एका सिनेमात चोर टोपीवाल्याले दोरानं बांधतात, बंदूक रोखतात. आन् नत्थू म्हने, 'मारा मले! पन आंधी माह्या घोड्याले पानी पाजा!' सारा तंबू रडे. मी तं दरवेळेस रडे."

खुशालराव केव्हा खुर्चीत बसले त्यांचं त्यांनाही कळलं नाही. संशय घ्यायला काही उरलंच नव्हतं, आणि त्यावाचून या माणसाला चैन पडत नव्हती. त्यांनी विचारलं, "दिसे कसा तो?"

इंदूबाई आठवत राहिल्या. कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून आठवत राहिल्या.

"नाही येत रे," त्या म्हणाल्या. "मी लहान होती. माह्यासमोर जेवे, मले खांद्यावर घेई. पन बोलाले उभा राहे तो कंदील विझवल्यावर. त्याच्याकडं कोन पाहे? सारे पडद्याकडं. आता त्याचं नाव घेतलं का मले तो टोपीवालाच दिसते. तो फोटो त्यानंच घरी नेला असन, तुह्या मायलेही मंग तोच दिसला असन."

म्हणजे बापाचा चेहरा आता या जगात कोणाजवळच नव्हता. खुशालरावांनी मान खाली घातली. प्राजक्तानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुनेनं सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवायची त्यांच्या घरात रीत नव्हती, पण तिनं ठेवला आणि त्यांनी ठेवू दिला.

"खुशाल," इंदूबाई म्हणाल्या. "बोल ना ते, घोड्याच्या पान्याचं. मी डोये मिटतो."

"मले नाही येत."

"आता केवढा वरडला! बोल. एक बार."

त्यांनी घसा खाकरला. लाज वाटली. मग पुटपुटल्यासारखं म्हणाले, "मारा मले..."

"अरे जोरानं! मागच्यायले ऐकू गेलं पायजे!"

खुशालराव उठून उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला आणि त्या लहानशा खोलीत गरजले, "मारा मले! पन आंधी माह्या घोड्याले..."

आणि ते तिथंच थांबले. आपल्या तोंडून निघालेला तो आवाज त्यांनी ऐकला होता, बाप मेल्यावर जन्मलेल्या पोरानं पहिल्यांदा ऐकला होता.