ओल्या कापसाचे पॅड

मद्रासवर वादळ आलं की भिजायचं कोलारनं आणि शिंकायचं बंगळूरनं, हा डिसेंबरचा ठरलेला कार्यक्रम. १९९६ सालीही तो चुकला नाही. मद्रासचं चेन्नई होऊन काही महिने झाले होते, पण वादळाला ते कुणी कळवलं नसावं. ते जुन्या पत्त्यावर बरोबर पोचलं आणि तिथून वाट वाकडी करून आमच्याकडेही येऊन गेलं.

यशवंतपूरच्या ज्युनियर मुलींच्या हॉकी संघाचा उपान्त्य सामना शनिवारी कोलार गोल्ड फील्ड्सला होता. शनिवारी तिथल्या मैदानाचं तळं झालं, म्हणून सामना रविवारी सकाळी आठवर ढकलला. अंतिम सामना मात्र रविवारीच, दुपारी तीनला, बंगळूरला शांतिनगरच्या कृत्रिम गवताच्या टर्फवर. टर्फला पावसाचं काही वाटत नाही, आणि सोमवारपासून ते दुसऱ्या स्पर्धेला दिलेलं, तेव्हा तारीख हलणार नाही, असं आयोजकांनी साफ सांगितलं. नियमही छापील होता. तीनच्या ठोक्याला निदान सात जणी मैदानात उभ्या हव्यात. नाहीतर समोरचा संघ न खेळताच विजयी.

मुलींनी सकाळी चिखलात लोळून सामना जिंकला, अंगावरचा चिखल तसाच ठेवून इडल्या खाल्ल्या आणि व्हॅनमध्ये बसल्या. वाटेत एक झाड आडवं, एक लॉरी उलटी, असं करत सव्वाएकला व्हॅन महादेवपुऱ्यापाशी आली आणि थांबली. पुढे रस्ता नव्हताच. तळं भरून रस्त्यावर आलं होतं, आणि दोन मोटारी त्यात म्हशींसारख्या निवांत बसल्या होत्या.

"अक्का, सायलेन्सरात पाणी गेलं की गाडी संपली," ड्रायव्हर हरीअण्णा प्रशिक्षकबाईंना म्हणाला. "ओसरेपर्यंत मी चाक हलवणार नाही."

सगळ्या मुलींची तोंडं उतरली. सगळ्यांत जास्त सुखदाचं.

सुखदा संघाची गोलकीपर. वय सतरा. या मोसमानंतर ती ज्युनियरमधून बाद होणार होती, आणि राज्याच्या ज्युनियर संघाचे निवड अधिकारी आजचा हा एकच सामना बघणार होते. गेल्या वर्षी तिला त्यांनी घेतलं नव्हतं. आज मैदानात पोचलं नाही, तर पुढचं वर्षच नव्हतं. त्यात तिचे पॅड व्हॅनच्या टपावर होते आणि वरची ताडपत्री कोलारलाच फाटली होती.

त्या पॅडांची गोष्ट सांगायलाच हवी. सुखदाचे वडील खंडोजी यशवंतपूरच्या बाजारात शिंपी. चार पिढ्या बंगळुरात काढलेलं मराठी घर. पोरीला गोलकीपरचे पॅड हवेत म्हटल्यावर कुणीतरी दुकानातले फोमचे सुचवले, तर खंडोजी चिडलेच. शिंप्याच्या पोरीनं विकतचं शिवण घालायचं? त्यांनी एक जुना पॅड मागून आणला, उसवून बघितला आणि तस्सा जोड शिवला. वर जाड कॅन्व्हास, आत वेताच्या कामट्या, आणि फोमच्या जागी गादीचा पिंजलेला कापूस. "फोम म्हणजे काय, बेकरीचा पाव," ते म्हणाले. "कापूस कसा, अंगाला धरून राहतो." आणि शर्टाच्या कॉलरला लावतात तसं त्यांनी पॅडच्या आतल्या बाजूला आपलं लेबलही लावलं. खंडोजी टेलर्स, यशवंतपूर.

पॅड मजबूत होते, यात वाद नाही. पण गेल्या वर्षीच्या निवडीला कुणीतरी ते लेबल वाचलं आणि मोठ्यानं म्हणालं, "गादीवाल्याची पोरगी काय गं तू?" सगळे हसले. सुखदाही हसली. घरी आल्यावर मात्र तिनं ब्लेड घेऊन दोन्ही लेबलं उसवून टाकली. नंतर कुणी विचारलं तर ती सांगे, जालंधरहून मागवलेत. वडिलांना ती काही बोलली नाही, आणि ते पॅडकडे बघत असले की ती दुसऱ्या खोलीत जायची.

तर असे ते पॅड आता टपावर पावसात भिजत होते.

प्रशिक्षक नीलिमाअक्का खाली उतरल्या. अक्का शाळेत पीटीच्या बाई, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरजच नाही. त्यांनी पाण्याकडे एकदा बघितलं, घड्याळाकडे एकदा.

"अय्यो, रडायला काय झालं? सात जणी पाहिजेत. आपण सोळा आहोत. नऊ जास्तच आहेत की!"

"पण अक्का, इलेव्हनच्या अगेन्स्ट सेव्हन?" कॅप्टन निधी म्हणाली. ती दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, जे. पी. नगरला राहायची. "इट्स इम्पॉसिबल!"

"इम्पॉसिबल नाही गं, स्वल्प त्रास आहे. बाकीच्या मागून येतील. तोवर धरून ठेवायचं, बस."

तेवढ्यात होसकोट्याहून मंडईला निघालेली कोबीची लॉरी मागून आली. लॉरी उंच, पाण्याला भीक घालत नव्हती. अक्का तिच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केला. ड्रायव्हरनं आधी शिव्या दिल्या, मग ऐकून घेतलं, मग मान हलवली. आठ जणीच, तो म्हणाला. जास्त बसल्या तर कोबी चेपेल, आणि कोबी चेपली तर मालक मला चेपेल.

अक्कांनी बोट दाखवत नावं घेतली. निधी, दोन्ही बॅक, दोन हाफ, एक फॉरवर्ड. "आणि सुखदा."

"अक्का, माझे पॅड..." सुखदानं टपावरून एक पॅड ओढला, तो दोन्ही हातांनीही उचलेना. कापसानं पोटभर पाणी प्यायलं होतं. "हे बांधून मला चालता यायचं नाही."

"चालायला कोण सांगतंय? गोलात उभं राहायचं तुला," अक्का म्हणाल्या. "घे उचलून. एकीला एक."

कोबीच्या ढिगावर बसून सात मुली आणि एक बाई पाण्यातून पार झाल्या. पाऊस चालूच होता. निधीनं पॅडचं एक टोक धरून पिळून बघितलं. पाणी निघालं, संपलं मात्र नाही.

"जालंधरवाल्यांनी फसवलं तुला," ती म्हणाली. "ओरिजिनल असते तर भिजलेच नसते."

खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं, आणि आज तर ते खांद्यावर घेऊन बसायची वेळ आली होती. मनातल्या मनात सुखदानं वडिलांना दोष दिला. पाव तर पाव, फोम भरला असता तर काय बिघडलं असतं?

तीनला तीन मिनिटं कमी असताना सात जणी टर्फवर उभ्या होत्या. समोर कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, अकरा. शुक्रवारपासून बंगळुरात मुक्कामाला, पोटभर जेवलेल्या, कोरड्या कपड्यातल्या. त्यांनी या सातांकडे बघितलं आणि मागून कोणी येतंय का तेही बघितलं. निधीच्या केसात कोबीचं पान होतं. अंपायरनं घड्याळ बघितलं, सात मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि शिट्टी वाजवली.

बाकड्यावर रेनकोट घातलेले निवड अधिकारी सुनीलकुमार वही उघडून बसले होते. सुखदानं घाबरत त्यांच्याकडे बघितलं आणि पॅडचे पट्टे पुन्हा आवळले. पाय तर उचलतच नव्हते. पोरगी गोलात उभी नव्हती, रोवलेली होती.

दुसऱ्याच मिनिटाला कोडगूची सेंटर फॉरवर्ड मोकळी सुटली आणि तिनं सपाटून फटका मारला. सुखदाला हलायला वेळच मिळाला नाही. चेंडू तिच्या डाव्या पॅडवर आदळला, धप्प, पिठाच्या पोत्यावर धपाटा घालावा तसा, आणि तिथेच पायाशी पडला.

दोघी त्या चेंडूकडे बघत राहिल्या. फोमच्या पॅडवरून तो चार-पाच हात तरी उसळला असता, आणि समोर कोडगूच्या तिघी त्यासाठीच वाकून उभ्या होत्या. हा उसळलाच नाही. सुखदा आधी भानावर आली. तिनं पाय जड जड उचलून चेंडू बाजूला लाथाडला. निधीनं तो घेऊन पार रेषेबाहेर पिटाळला.

"सुखदा!" रेषेवरून अक्का ओरडल्या. "पळू नकोस! अंगावर घे!"

आणि सुखदाला कळलं. सात जणींच्या संघाला उसळलेला चेंडूच मारतो. पहिला फटका अडतो, पण परत आलेला चेंडू उचलायला आपलं कुणी नसतं. तिच्या पॅडवरून काही परतच येत नव्हतं. मारा म्हणावं, किती मारायचंय ते! ती कोन बंद करायला एक पाऊल पुढे आली आणि घट्ट उभी राहिली. अप्पांनी म्हटलं होतं, कापूस अंगाला धरून राहतो. चेंडूलाही धरतो, हे त्यांनाही ठाऊक नसणार.

मग कोडगूनं मारायचं काही बाकी ठेवलं नाही. पुढून मारलं, बाजूनं मारलं, पेनल्टी कॉर्नर चार घेतले. धप्प, धप्प, धप्प. बाराव्या मिनिटाला एक चेंडू स्टिकला लागून वरून गोलात गेला, त्याला पॅड काय करणार? सुखदानं तो जाळीतून काढून फेकला आणि पुन्हा जागेवर येऊन उभी राहिली. तिची भीती कुठे गेली ते तिलाही समजलं नाही. उलट मजा येऊ लागली. समोरच्या मुली चिडत होत्या, आणि चिडलेला माणूस सरळ मारतो. सरळ मारलेलं सगळं तिचंच होतं.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला फाटकातून हॉर्न ऐकू आला. हरीअण्णाची व्हॅन! पाणी गुडघ्याखाली आल्याबरोबर नऊ जणींनी ती ढकलत पार केली होती. त्यातल्या चौघी धावतच मैदानात आल्या, एकीच्या एका पायात बूटही नव्हता. स्कोअर होता शून्य-एक. अकरा झाल्यावर निधीनं असा काही खेळ केला की कोडगूवाल्यांना आपण मघाशी सातांशीच खेळत होतो याची आठवण यावी. उत्तरार्धात दोन गोल झाले, दोन्ही आमचे.

करंडक निधीनं घेतला, फोटो निघाला. सुखदा पॅडचे पट्टे सोडत बाकड्याजवळ बसली होती, तिथे सुनीलकुमार आले. त्यांनी एक पॅड हातात घेतला आणि त्याच्या वजनानं पुढे वाकले.

"कुठले हे?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "मी वीस वर्षं गोलकीपर बघतोय. चेंडू असा मरताना बघितला नाही. कंपनी कुठली?" त्यांनी पॅड उलटा केला. लेबल असतं त्या जागी नुसती सुईची भोकं होती.

निधी, अक्का, सगळ्या ऐकत उभ्या होत्या. जालंधर हा शब्द सुखदाच्या जिभेवर आलेला. वर्षभराच्या सवयीचा. तिनं तो गिळला.

"माझ्या अप्पांनी शिवलेत," तीही कन्नडमध्येच म्हणाली. "यशवंतपूरला बाजारात आमचं दुकान आहे. खंडोजी टेलर्स. आत गादीचा कापूस आहे."

"काय? तू तर जालंधर म्हणाली होतीस!" निधी किंचाळली.

"खोटं सांगितलं होतं."

सुनीलकुमारांना या दोघींचं मराठी कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी वहीत नाव लिहिलं, वडिलांचं नावही विचारून लिहिलं. "दहा जानेवारीला शिबिर आहे. पॅड तिथे मिळतील, हलके. पण तू पॅडमुळे नाही येत आहेस. अकरा जणी अंगावर येत असताना तू मागे सरकली नाहीस, म्हणून येते आहेस. हे आणलेस तरी चालेल." आणि ते निघून गेले. अक्कांनी सुखदाच्या पाठीत एक धपाटा घातला. शाबासकीचा असावा, पण लागला.

दिवेलागणीला सुखदा दुकानात पोचली तेव्हा खंडोजी मशीनवर पाय मारत होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं. कोबीची लॉरी, धप्प, शिबिर. खंडोजींनी पॅड उचलून बघितला.

"अरे देवा, हे बांधून उभी राहिलीस? चूक माझीच. पावसाचा विचारच नाही केला मी. मेणकापड घालायला पाहिजे होतं."

"काही घालू नका! आहे तसंच राहू दे." ती थांबली. "अप्पा, लेबल आहे का एखादं?"

"शंभराचं बंडल आहे. कशाला?"

"याला लावायला. आतून नको. बाहेरून, दिसेल असं."

खंडोजींनी पॅड मांडीवर घेतला, आतल्या बाजूला अंगठा फिरवला आणि तो बरोबर त्या भोकांवर थांबला. शोधावं लागलं नाही.

"वर्ष झालं याला," ते म्हणाले. "मला वाटलं, टोचत असेल."

सुखदाला रडू कोसळलं. गादीवाल्याची पोरगी, ब्लेड, जालंधर, सगळं तिनं रडत रडत सांगितलं. खंडोजींनी सुईत जाड दोरा ओवला, लेबल पॅडच्या पुढे, गुडघ्याच्या वर ठेवलं आणि अंतर बघून जरा सरळ केलं.

"दुहेरी टाका घालतो," ते म्हणाले. "मग पुन्हा उसवायचं म्हटलं तर कॅन्व्हास फाटेल हं."

"घाला," सुखदा म्हणाली, आणि त्यांना टाका नीट घालता यावा म्हणून तिनं ओला पॅड दोन्ही हातांनी धरून ठेवला.